सारिकाचे झेल

सोलापूरच्या स्टँडवर मंद्रूपच्या बसची वाट बघत बाकावर तिघी होत्या: एक आई, तिची खेळाडू लेक तेजश्री आणि टोकाला नुकतीच एम.एस्सी. झालेली प्राजक्ता. मायलेकींच्या मध्ये दोन पिशव्या आणि एक लंबगोल चेंडू. प्राजक्ताच्या हातातलं पुस्तक उघडंच राहिलं होतं.

"कसला चेंडू गं ह्यो? नारळावानी," आईनं विचारलं.

"ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा. एकीनं लाथेनं उडवायचा, दुसरीनं उडी मारून वरच्या वर झेलायचा."

"आन् ती उजनीकडची नवी पोरगी, सारिका? तिला जमतं?"

"पयलं न्हवतं जमत. केळीचा घड घ्यावा तसा खांद्यावर घ्यायची. सांडायचाच."

"मग काढून टाकायची की."

"बाकीच्या पोरी चेंडू आला की डोळं मिटत्यात. ती न्हाय मिटत. म्हणून रोज सकाळी तिला चेंडू उडवून देत हुते."

"कवापासनं?"

"दिवाळीपासनं."

"आन् आज संघाच्या निवडीत जागा किती?"

"एकच. आमा दोघीतनं एक. माझी बारी झाली, तिची आता चालू आसंल."

"एकच? आन् तूच शिकवलंस तिला?"

"दुसरं कोण शिकवणार हुतं, आये?"

आई लेकीकडं बघत राहिली. प्राजक्ताही.

"जेवलीस का गं सकाळी?" आईनं विचारलं.

तेवढ्यात फोन वाजला. तेजश्रीनं तो आईलाही ऐकू येईल असा धरला.

"ताई, सारिका बोलतीय. झालं माझं. वीस चेंडूत तुमचं सोळा झेल, माझं सतरा."