ताराचंदनं गाडी तापवली नव्हती

माहा जन्म उमरेडचा. बाप हातमागावर बसे, आजाही बसे, आमच्या आळीत सकाळी जे खटखट सुरू होई ते दिवेलागणीलेच थांबे. माहा बाप असा की पाठमोरा बसून जेवत असला तरी शेजारच्या घरातल्या मागाचा आवाज ऐकून सांगे, त्याचा धागा तुटला, आता उठेल तो. आणि शेजारी उठेच. म्हणून मी म्हणतो, कान मले बापाकडून आला. मशीन काय बोलते ते ऐकाचं, हे मी बोलाले लागण्याच्या आधीच शिकलो असेन. पण मागावर मी बसलो नाही. लाल डब्यात बसून नागपूरले आलो, गॅरेजचं काम शिकलो, आणि मग सक्करदऱ्याच्या पुढे उमरेड रोडवर एका कडुनिंबाखाली माहं स्वतःचं गॅरेज टाकलं. चव्वेचाळीस वर्ष त्या झाडाखाली काढले. आता पंच्याहत्तरीले आलो, गुडघे गेले, कान शाबूत आहे.

तर मास्तर, तुम्ही आमच्या संघटनेचं पुस्तक काढून राहिले, जुन्या मिस्त्र्यांच्या गोष्टी गोळा करून राहिले, मले माहीत आहे तुम्हाले कोणती गोष्ट पाहिजे. कानवाला मिस्त्री. लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक इंजिनाच्या झाकणावर टेकवाचं, मूठ कानाले लावाची, डोळे मिटाचे, आणि सांगाचं की तिसऱ्या सिलेंडरमध्ये बिघाड आहे. लोक बघाले येत. मौद्यावरून गाड्या येत माह्याकडे, रस्त्यात वीस गॅरेज सोडून. ते सगळं खरं आहे, ते लिहा. पण त्याच्यासोबत ताराचंदची गोष्ट लिहा लागेल, आणि ती कापाची नाही. आतून माहा पोरगा डोळे वटारून राहिला, दिलीप, त्याच्याकडे पाहू नका. तो मले म्हणते, बाबा, वीस वर्षाच्या वर झाले, कोणाले आठवते, काहून आपल्याच तोंडाले काळं फासून राहिले. मी म्हणतो, ज्याच्या तोंडाले फासलं त्याले आठवते ना बे.

आधी टॅपेट समजून घ्या, नाही तर गोष्ट समजणार नाही. इंजिनात वाल्व असते, वाल्व म्हणजे दरवाजा. उघडला की हवा न् गॅस आत येते किंवा धूर बाहेर जाते, बंद झाला की आत भडका होते आणि गाडी चालते. हा दरवाजा ज्या दांडीनं उघडते ती दांडी आणि दरवाज्याची शेपूट, याच्या मधात एक बारीकशी फट ठेवा लागते. कागदाएवढी. लोखंड तापलं की वाढते म्हणून. ती फट बरोबर आहे की नाही हे पाहणं म्हणजे टॅपेट सेटिंग. फट जास्त झाली तर टकटक आवाज येते, गिऱ्हाईक घाबरून धावत येते, पण इंजिनाले लवकर काही होत नाही. फट संपली तर आवाज येत नाही. इंजिन मऊ चालते, गोड चालते. पण दरवाजा पुरता लागतच नाही, थोडा उघडा राहते, आणि सगळी आग त्या सांदीतून जाते. वाल्व बंद होऊन टेकला तरच त्याची गरमी निघते, जसा मे महिन्यातला माणूस उन्हातून येऊन सावलीच्या भिंतीले पाठ लावते तसा. त्याले टेकू दिलंच नाही तर तो जळते. काठ जळते आधी, मग तुकडा जाते.

हे मले माहीत होतं, मास्तर. हे लिहा. माहीत नव्हतं असं नाही.

ताराचंद मौद्याच्या एका शेठचा ड्रायव्हर. शेठची राइस मिल होती, घरची व्हॅन होती, आणि ताराचंद त्या घरी एकोणीस वर्षापासून. माह्याच वयाच्या आसपासचा, बारीक अंगाचा, कमी बोलणारा. सातवी शिकलेला, पण मिळेल तो कागद वाचे. रोज सकाळी गाडीचं पाणी पाही, तेल पाही, आणि ड्रायव्हरच्या सीटमागे पाण्याची पांढरी कॅन सुतळीनं बांधलेली, कायम भरलेली. आम्ही त्याची मस्करी करत होतो, ताराचंदभाऊ, हे पाणी गाडीले की तुम्हाले. तो हसे फक्त.

त्या काळात सगळ्या व्हॅना गॅसवर जाऊन राहिल्या होत्या. शेठच्याही व्हॅनले किट बसलं. दुसऱ्या फेरीले ताराचंद किटवाल्यानं दिलेला कागद घेऊन माह्याकडे आला. म्हणे, मिस्त्री, याच्यात लिहिलं आहे, गॅसच्या गाडीचे टॅपेट लवकर लवकर पाहा लागते. वाल्वची बैठक घासते म्हणते आणि फट कमी होत जाते. मी पेचकस लावला, ऐकलं, आवाज नाही. आठ-दहा लोक उभे होते. मी म्हटलं, ताराचंदभाऊ, गाडी कागदावर चालते का रोडवर. सगळे हसले. कागद त्यानं घडी करून खिशात टाकला.

आता हेच पाहा, काय चूक केली. माह्याकडे फिलर होता. फिलर म्हणजे पोलादाच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा, फटीत पट्टी सरकवाची, अडकतही नाही आणि ढिलीही नाही अशी गेली की झालं. एका तासाचं काम. माहा फिलर डब्यात तेलाच्या कागदात गुंडाळून ठेवलेला, नवाकोरा. कान ज्याले नाही त्यानं फिलर वापराचा, असं मी म्हणत होतो. आणि माहा कान आवाज शोधे. जिथं आवाजच गेला तिथं कान काय शोधणार. पेट्रोलच्या गाड्यांवर तयार झालेला कान होता तो. गॅसवरच्या गाड्या शांत होऊन राहिल्या आणि मी खूश, म्हणत होतो, वा, काय गोड चालून राहिली.

दोन-तीन महिन्यानं ताराचंद पुन्हा आला. मिस्त्री, गरम झाली की थरथरते, सिग्नलवर उभी केली की बंद पडते. मी प्लग बदलले, कार्बोरेटरचा स्क्रू थोडा फिरवून आयडल, म्हणजे उभ्या इंजिनाची चाल, वाढवला. गेला. पुन्हा आला, म्हणे पुलाच्या चढावर दम सोडते, मिस्त्री, एकदा टॅपेट पाहूनच घ्या. मी म्हटलं, टॅपेट थंड इंजिनावर पाहा लागते, गाडी एक दिवस ठेवून जा. म्हणे, शेठच्या पोराचं लग्न आठ दिवसावर आहे, शेठ गाडी सोडत नाही, तुम्ही शेठले फोन करून सांगा, तुमचं ऐकतील. मी म्हटलं, लग्न होऊ द्या, मग पाहू. एक फोन कराचा होता फक्त. केला नाही. काय सांगू तुम्हाले, आळस नव्हता तो, फोन केला असता तर त्याचा कागद खरा अन् माहा कान खोटा झाला असता.

लग्नाच्या दिवशी नवरदेव त्याच व्हॅनमध्ये. भर दुपारी, मौद्याहून नागपूरकडे येताना कन्हानच्या पुलावर गाडीनं जीव सोडला. चार सिलेंडरमधले दोन मेले, फटाके वाजल्यासारखा आवाज, आणि गाडी उभी. मोबाइल लागेना कोणाचा. शेवटी कोथिंबीर घेऊन जाणाऱ्या भाजीच्या एका छोट्या गाडीले ताराचंदनं हात दाखवला, नवरदेव तिच्या पुढच्या सीटवर, मुंडावळ्या बांधलेल्या, आणि करवली मागे जुड्यांवर. मंडपात पोचले तेव्हा मुहूर्त टळून गेला होता आणि नवरीकडचे म्हणत होते, जावईबापू भाजी आणाले गेले होते काय. शेठचं नाक कापलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅन ओढून माह्या झाडाखाली आणली. आता आमच्यात एक पद्धत आहे, मास्तर, ती तुम्ही जाणता. इंजिनाचं हेड, म्हणजे वाल्व असते ते वरचं डोकं, उघडलं की पंचायत बसते. हेड गोणपाटावर उलटं ठेवाचं, मालक एका बाजूले, ड्रायव्हर दुसऱ्या बाजूले, रोडवरचे चार लोक गोळा होते, आणि मिस्त्री सांगते, कोणामुळे झालं. मिस्त्रीनं सांगितलं ते झालं. तिथं अपील नाही.

मी हेड उघडलं. दोन वाल्वचे काठ जळलेले, एकाचा तर तुकडाच गेलेला, उंदरानं कुरतडलेल्या भाकरीसारखा. पाहिल्याबरोबर मले समजलं. गाडी पाण्याविना तापली असती तर हेडखालचं गॅस्केट फुगलं असतं, हेड वाकडं झालं असतं. हेड सरळ होतं. नजरेलेच दिसत होतं, पण लोक गेल्यावर मी त्याच्यावर लोखंडी मोजपट्टी आडवी ठेवूनही पाहिलं. तरी सरळच निघालं.

शेठनं विचारलं, मिस्त्री, कसं झालं हे. गाडी तर तुमच्याच हाताखाली होती ना.

अकरा-बारा लोक होते. सगळे माह्या तोंडाकडे पाहून राहिले होते. मी म्हटलं, पाण्याविना चालवली. तापवली.

ताराचंद म्हणाला, मिस्त्री, पाणी मी रोज पाहतो, तुम्हाले माहीत आहे. तो उठला, गाडीतून सुतळी सोडून ती पांढरी कॅन घेऊन आला, माह्यासमोर ठेवली. म्हणे, हे पाहा, काठोकाठ भरलेली आहे.

आणि मी म्हटलं, भरलेली आहे म्हणजेच टाकलं नाही ना भाऊ.

लोक हसले. शेठही हसले, रागात होते तरी. ताराचंद त्या कॅनकडे पाहत उभा होता, जसं काही तिनंच त्याच्या विरोधात साक्ष दिली. मास्तर, मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोललो असेन, गिऱ्हाईकाले उद्या या म्हणालो आणि चार दिवस लावले, ते सगळेच करते. पण त्या माणसाचा पुरावा उचलून त्याच्याच डोक्यात घातला, ते एकदाच. टॅपेट वेळेवर केले नाही ही चूक. हे वाक्य चूक नाही, हे पाप आहे, दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वेगळ्याच लिहा.

शेठनं त्याची किल्ली तिथंच मागून घेतली. एकोणीस वर्षाची चाकरी, झाडाखाली संपली. मग मौद्याच्या स्टँडवर नाव झालं, गाडी तापवणारा ड्रायव्हर. आमच्या धंद्यात ड्रायव्हरले याच्यापेक्षा मोठी शिवी नाही. कोणी स्टेअरिंग देईना. आणि मी काय केलं, दुसऱ्या दिवसापासून फिलर काढला. हो. कोणाले न सांगता. गॅसच्या प्रत्येक गाडीचे टॅपेट थंड इंजिनावर, पट्टी लावून, वेळेवर. लोक म्हणत, मिस्त्रीचा कान पाहा, याच्या गाडीचा वाल्व कधी जळत नाही. मी ऐकून घेत होतो.

मागच्या वर्षी माह्या बायकोचं वर्षश्राद्ध झालं. ती एकटीच होती जिले मी हे सांगितलं होतं. ती म्हणत असे, जा वो एकदा त्याच्याकडे. ती गेल्यावर गेलो. ताराचंद नागपूरच्या विमानतळाजवळ, मिहानमध्ये, एका कंपनीच्या गेटवर गार्ड आहे, निळा ड्रेस, या वयात. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी दांडा वर करते, खाली करते. मले ओळखलं त्यानं. मी सगळं सांगितलं, वाल्व, फट, हेड सरळ होतं, सगळं. मी बोलत होतो तेव्हा त्यानं तीन गाड्या आत सोडल्या. मग म्हणे, मिस्त्री, त्या दिवशी झाडाखाली किती लोक होते. मी म्हटलं, अकरा-बारा. म्हणे, आणि इथं किती आहे. मी पाहिलं. एक कुत्रा होता, पाण्याच्या टाकीखाली झोपलेला. ताराचंद म्हणे, हा कुत्रा होता का तिथं.

नव्हता.

म्हणे, मग याच्यासमोर काहून सांगून राहिले.

एवढंच बोलला. बरोबर बोलला. तिथून मी शेठच्या पोराकडे गेलो, तोच नवरदेव, आता मिल तोच पाहते, शेठ नाही राहिले. त्याले सांगितलं. तो हसाले लागला, म्हणे काका, सोडा ना, त्या कोथिंबिरीच्या गाडीमुळेच तर माझं लग्न लोकांच्या आठवणीत आहे. त्याले गंमत आहे. पुस्तकवाल्या संघटनेच्या अध्यक्षाले सांगितलं, तो म्हणे, मिस्त्री, असं छापलं तर सगळ्या मिस्त्र्यांवरचा भरोसा जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. ज्यानं फिलर लावला त्याच्यावरचा जाणार नाही. आणि मले शाल-नारळ देणार होते ते ठेवा तुमच्याजवळ, नाही तर माहं पान काढा पुस्तकातून. छापाचं तर पूर्ण छापा. गुडघे वाकत नाही आता माहे, कोणासमोरच नाही.

नव्या पोरांले एवढंच सांगतो, कान असू द्या, पण पट्टी लावा. गाडी आवाज करून राहिली तर ती जिवंत आहे, बोलून राहिली. जुनी गाडी अचानक गोड चालाले लागली तर त्याच दिवशी झाकण उघडा, उद्यावर टाकू नका. आणि ड्रायव्हर तिसऱ्यांदा तेच सांगत आला तर तो तुमच्यापेक्षा शहाणा आहे असं समजून चाला. देव तुमच्या हाताले यश देवो.

आणि मास्तर, वर माहं नाव टाकू नका. कानवाला मिस्त्री तर बिलकूल नाही. मोठ्या अक्षरात लिहा, ताराचंदनं गाडी तापवली नव्हती. छापून आलं की पहिली प्रत घेऊन आपण दोघं मिहानले जाऊ. दुपारी पाळी बदलते तेव्हा दोन्ही पाळ्यांचे गार्ड गेटवर असते, मी मोजून आलो, चौदा होते. तुम्ही मोठ्यानं वाचा. कॅनचं वाक्य दोनदा वाचा. मी बाजूले उभा राहीन. मग तो दांडा वर करो नाही तर खालीच ठेवो, ती त्याची मर्जी आहे.