घराला कुलूप नाय

नाय नाय, पत्रिका ठेवा तुमी, ती काय परत नेऊ नका, हळदीला बोलवायला घरापर्यंत आलात, मान दिलात, पण मला येता नाय येणार हो. आता का म्हणून काय विचारता? दिसत नाय का, घरात कोण नाय! बायको नाय, पोरं नाय, आये नाय… मीच हाय. आठ दिवसांची रजा टाकलीय मी कंपनीत, आठ दिवसांची! वाशिंदला तो सुपरवायझर रजा म्हटलं की असा बघतो, जशी काय त्याची किडनी मागितली. त्याच्या हातापाया पडून रजा घेतली, आणि करतोय काय? म्हशीचं शेण काढतोय. बसा, बसा तुमी. चहा मागू नका, दूध फाटलंय. पण बसा. तीन दिवस झाले, माणसाशी बोललेलो नाय मी.

चार जणांची ट्रिप होती हो! चार जणांची! मी, रंजना आणि आमची दोन पोरं, मनस्वी आणि प्रणित. संपला हिशोब. केरळला जायचं, तिथं मोठं तळं हाय, तळ्यात बोट, बोटीतच घर… पलंग, मोरी, गच्ची, सगळं पाण्यावर तरंगतंय. चार रात्री त्याच्यात राहायचं आणि घरी यायचं. तुमाला सांगतो, सतरा वर्षं झाली लग्नाला. लग्न झालं तेव्हा हिला म्हटलेलो, पाऊस संपू दे, कुठंतरी लांब नेतो तुला. सतरा पाऊस संपले! तिनं एकदा पण बोलून नाय दाखवलं. पण मागं एकदा मी विचारलं, रंजना, तुला काय पायजे गो नक्की? तर म्हणते, "काय नको. एक दिवस सकाळी मी झोपेतनं उठावं आणि कोणीतरी मला चहा आणून द्यावा. बास." आता सांगा, बंगला मागितला असता तर भांडलो असतो मी. चहाला काय बोलणार? आणि त्या बोटीत ना, सकाळी माणूस चहा घेऊन येतो, फोटोत होता! मी लगेच बोटवाल्याला फोन लावला.

चूक कुठं झाली सांगू? चूक झाली ती ठमीआत्याच्या नातवाच्या हळदीत. तिथं मी आत्याला फक्त सांगायला गेलो. फक्त आत्याला! तिला सांगितलं नसतं तर जन्मभर म्हणाली असती, भावाच्या पोरानं परक्यासारखं केलं. आता हळदीतला डीजे कसा असतो तुमाला माहीत हाय, छातीत धडधडतं का स्पीकरात तेच कळत नाय. म्हणून मी तिच्या कानाला तोंड लावून जोरात ओरडलो, "आत्ये, आमी केरळला चाललोय, पाण्यातल्या घरात राहायला!" आणि नेमका… नेमका त्याच टायमाला डीजेचा फ्यूज उडाला! अख्खा मांडव गप, आणि माझा आवाज पार धरणापर्यंत. तीनशे माणसं हो! नवरदेव हळदीचा पिवळा, पाटावरनं उठून विचारतोय, "दिनेशदादा, कधी जायचं?" अरे तुझं लग्न हाय ना उद्या!

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्याच ओटीवर, तुमी बसलात ना तिथं, धाकलूकाका येऊन बसलेले. त्यांचं असं, काय मागायचं असलं की आधी आभाळाकडं बघतात. "दिनेश… केरळात म्हणे मासं चांगलं मिळतं." मिळतं काका. "तुझी काकी पण म्हणत होती, एकदा बघावं काय ते." झाले सहा. मग ठमीआत्या, तिनं तर विचारलंच नाय, "मला खालची सीट घे, गुडघं धरतात." सात. आत्या एकटी कशी जाणार? सून पायजे. सून आली की तिचं पोर आलं. पोर आलं की पोराचा बाप आला! मी तिकडं बोटवाल्याला रोज फोन करतोय. तो बिचारा त्यांच्या तिकडच्या हिंदीत, "सार, फायनल कित्ना आदमी सार?" मी म्हणतो, नऊ. संध्याकाळी म्हणतो, तेरा. दुसऱ्या दिवशी एकवीस. तो म्हणतो, "सार, ये फ्यामिली है कि पार्टी का मीटिंग है सार?" काय सांगू त्याला? चार जणांची ट्रिप होती हो, बाबा!

पण थांबा, जसे जमले तसे गळले पण. कारण काय? तारीख! वैशाख महिना. आपल्याकडं वैशाखात बिनाहळदीची तारीख दाखवा मला, मी मिशी उतरवीन. काकांना आठवलं, मुरबाडला साडूच्या पोरीची हळद. आत्याच्या सुनेला माहेरची हळद. आणि नाय जाऊन चालत नाय, ज्याच्या हळदीला आपण नाय गेलो तो आपल्या मांडवात पाय ठेवत नाय, बरोबर ना? तुमी पण त्याच हिशोबानं आलाय ना पत्रिका घेऊन? नाय, हसू नका, खरं ते बोलतोय. तर आठवड्यात एकवीसचे परत झाले चार. मी म्हटलं, देव पावला! मी देवाला नारळ पण फोडला हो. लवकर फोडला.

कारण आये राहिली होती ना.

आमच्या आयेला तुमी ओळखता, हौसाबाय, एकदा नाय म्हटली की नाय. तिला आमी सुरुवातीपासून म्हणत होतो, तू पण चल. तर काय म्हणायची? "पैसं देऊन पान्यातल्या घरात ऱ्हायचं? आमचं घर तर सरकारनं फुकाट पान्यात घातलं!" धरणात गेलं तिचं माहेर. ती असेल अठरा-एकोणीस वर्षांची तेव्हा. पाणी चढायला लागलं तशी सगळी निघाली, आणि तिच्या बापानं, माझ्या आज्यानं, निघताना घराला कुलूप लावलं. विचार करा, घर बुडणार हे माहीत हाय, तरी कुलूप! चावी दिली हिच्या हातात. म्हणाला, "जपून ठेव, परत यायचं हाय." ती चावी अजून हाय. तेव्हापासून आयेनं एक ठरवलं, आपल्या घराला कुलूप लावायचं नाय. म्हणते, एकदा कुलूप लावलं की ते घर आपलं ऱ्हात नाय. लग्न होऊन ह्या घरात आली तेव्हापासून ह्या दाराला कुलूप लागलेलं नाय. दुकानातनं कधी आणलंच नाय! आणि तिन्हीसांजेला दिवा लागला पायजे, तो पण घरच्याच माणसाच्या हातानं, शेजारच्याला सांगून नाय चालत. मग आमी कुठं जाणार? कोणीतरी राहणारच मागं. गावाला लग्नाला गेलो तरी एक जण घरी. सतरा वर्षं आमी कुठं गेलो नाय त्याचं कारण हे, कुलूप नाय!

तर आये म्हणाली, "तुमी चौगं जावा. मी हाय ना. मीच कुलूप हाय ह्या घराचं." ठरलं! तिकिटं आली. रंजनानं नवीन गाऊन आणला, चहा प्यायला… म्हणजे बोटीवर सकाळी घालायला. प्रणित रोज टपाच्या पाण्यात तोंड घालून श्वास धरतोय, बोट बुडली तर म्हणून. सगळं छान चाललेलं.

आणि मग निघायच्या चार दिवस आधी आमी जेवायला बसलेलो. मनस्वीनं, काय गरज होती का, मनस्वीनं विचारलं, "आजी, तू कधी बोटीत बसलीस का गं?" आये भाकरी मोडता मोडता थांबली. म्हणाली, "बसले ना. एकदाच. गावातनं निघालो तवा. पान्यानं वाट बुडवलेली, म्हनून होडीतनं काढलं आमाला. हंडं, शेळी, बापूस, मी. मी मागं वळून बगत व्हते, कुलूप दिसत व्हतं दारावरचं. मग नाय दिसलं. तवापासनं होडीत नाय बसले." आणि परत भाकरी मोडायला लागली. प्रणितनं आपल्या ताटातली चटणी उचलून तिच्या ताटात ठेवली.

आता मला सांगा, अशा टायमाला मुलगा काय बोलणार? मी बोललो. बोलायचं म्हणून बोललो हो! "आये, तू जा माझ्या जागी." आता आपल्यात कसं असतं? जेवून जा म्हटलं की समोरचा म्हणतो नको. आपण म्हणतो असं कसं, तो म्हणतो नको नको, घरी केलंय. तिसऱ्यांदा नको म्हटलं की दोघं पण सुटलो! हे काय मी तुमाला शिकवायला पायजे? पाहुण्याला, भावकीला, वाण्याला, सगळ्यांना माहीत हाय. आणि मला हे शिकवलं कोणी? हिनंच! लहानपणी कोणाकडं पहिल्या झटक्यात लाडू घेतला तर घरी आणून चिमटा काढायची, "तीनदा नको म्हनायचं, हावरटा!" ती बाई, माझी सख्खी आये, मी एकदा म्हटलं तू जा, तर म्हणते काय?

"बरं."

बरं! पहिल्या फटक्यात बरं! नको नाय, कशाला नाय, तुझी हौस हाय नाय… बरं! हात धुतला आणि ट्रंक उघडून लुगडं काढायला गेली. मी रंजनाकडं बघतोय, रंजना माझ्याकडं. ती हळूच म्हणते, "अवो, आता नाय कसं म्हणायचं?" नायच म्हणता येत! मला वाटलं, तिकिटाचं जमणार नाय, रेल्वे काय आपल्या घरची हाय? स्टेशनच्या खिडकीवर गेलो, मनात म्हणतोय नाय म्हण, नाय म्हण. तो म्हणतो, आईच्या नावावर करता येतं, रक्ताचं नातं हाय. दिलं करून! जन्मात पहिल्यांदा खिडकीवरचं काम एका फेरीत झालं, ते हे.

निघताना आयेनं कमरेची चंची सोडली, त्यातनं ती चावी काढली आणि माझ्या हातात दिली. आजपर्यंत कोणाला हात लावू नाय दिला चावीला. म्हणाली, "जपून ठेव. दिवा लाव टायमावर. म्हशीला पेंड भिजवून दे. बुधवारी टँकर येल, ड्रम भरून ठेव." आणि गाडीत पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या बाजूला! मी दारात उभा, हातात चावी. घराला कुलूप लावायचं नाय म्हणून मला लावून गेले!

बघा, चार जणांची ट्रिप होती, चारच जण गेले. तक्रार कोणाकडं करू?

आज सकाळी फोन आला, व्हिडिओवाला. मी धार काढत होतो, एका हातानं फोन धरला. आधी रंजना. बोटीच्या पुढं खुर्ची टाकून बसलेली, नवीन गाऊन, हातात चहा. म्हणते, "अवो… आणून दिला." एवढंच. डोळं भरलेलं तिचं. म्हणते, "तुमी पायजे होता." तुमाला सांगतो, खोटं नाय बोलणार, बरं वाटलं. लय बरं वाटलं. सतरा वर्षांचा चहा प्यायली ती. पण मी पण पायजे होतो ना तिथं! ती चहा पिताना मला बघायचं होतं हो, शेजारी बसून, म्हशीच्या खालून नाय!

मग फोन घेतला आयेनं. फोनमध्ये फक्त तिचा कान. "दिन्याऽऽ! कसलं हाय रं हितं! जिकडं बगल तिकडं पानी, टँकर नाय का काय नाय! होडीवाला पोरगा मला आमा आमा करतो. काल मी हात सोडून बसले पान्यात, लय येळ बसले." मग म्हणाली, "पान्यात घर असलं तरी मानसं ऱ्हातात रं. मला वाटलं नव्हतं." मी म्हटलं, बरं झालं आये, बघितलंस. आणि मग… मग ती बाई मला म्हणते काय, ऐका, कान देऊन ऐका…

"पर तू का नाय आला? एक दिस दिवा नाय लागला तर काय व्हतं? कुलूप लावून यायचं व्हतं की!"

कुलूप! लावून!! यायचं!!! म्हशीनं लाथ मारली, बादली उपडी, सगळं दूध जमिनीवर, म्हणून म्हटलं चहा नाय, फाटलं-बिटलं काय नाय, सांडलं. पण मी मनात म्हटलं, ठीक हाय, हुकूम झाला ना? पाच दिवस बाकी हायत. म्हैस धाकलूकाकांच्या गोठ्यात बांधीन, ते मुरबाडहून आलेत काल. संध्याकाळची गाडी पकडीन, जनरलमध्ये उभा राहून जाईन, पण एक सकाळ मी त्या बोटीत तिच्या शेजारी बसून चहा पिणार! पिशवी भरली. चप्पल घातली. दार ओढलं. आणि उभा राहिलो.

ही बघा चावी. घरात चावी हाय. तिचं कुलूप धरणाच्या तळाला हाय. दुसरं कुलूप ह्या घरात कधी आलंच नाय. तुमी आणाल म्हणता? तुमी आता गावभर पत्रिका वाटणार, मग हळद, मग लग्न, मग पूजा, तोवर ती चौघं परत येऊन त्यांचे कपडे वाळले असतील. मलाच जायला पायजे शहापूरच्या बाजारात. जातो, लगेच जातो, एका तासाचं काम हाय.

पण कुलूप आणायला जायचं तर आधी घराला कुलूप नको?