गुलाबी कागदातला साबण

मी : आई, आपल्या घरातला साबण खोटा आहे का?

आई : काय?

मी : खोटा. नकली. हो की नाही, तेवढंच सांग. माझ्या वर्गातल्या लांबी आणि चष्मा, दोघींनी पैज लावलीय की मी घरी येऊन, चपलासुद्धा न काढता, हे तोंडावर विचारू शकणार नाही. म्हणून दारातूनच विचारतेय. दोघी खाली जिन्यात कान लावून उभ्या आहेत.

आई : त्यांना आधी घरी पाठव. आणि तू आत ये. केवढ्यानं दचकले मी! ही बघ, बाहीची शिलाई गळ्याकडे निघाली.

मी : जा गं दोघी! विचारलं मी! उद्या सांगते! ... हं, लावलं दार. आता सांग.

आई : कुठला साबण पण?

मी : आपला गं. गुलाबी कागदातला, मुकुट घातलेल्या बाईचा. मला आठवतंय तेव्हापासून मी ज्यानं आंघोळ करते तो. आपली मुकुटवाली!

बाबा : काय झालं मुकुटवालीला?

मी : बरं झालं बाबा, आज तुम्हाला गॅरेजला सुट्टी आहे. बसा. तुमचीही साक्ष लागणार आहे.

आई : तुम्ही काही बोलू नका हो.

बाबा : मी कुठं काय बोललो? मी तर आत्ता दाढी अर्धी सोडून आलोय.

मी : ऐका. विज्ञानाच्या बाईंनी काम दिलंय. तिघी-तिघींनी मिळून आपापल्या घरचा आंघोळीचा साबण आणायचा आणि वास, फेस, किंमत, तिन्हींना दहापैकी गुण द्यायचे. उद्या वर्गासमोर सांगायचंय. म्हणून शाळा सुटल्यावर आम्ही चष्माच्या घरी बसलो. लांबीनं लिंबाच्या वासाचा हिरवा साबण आणला. मी सकाळी कपाटातून मुकुटवाली घेतली होती, नवीकोरी. आणि चष्मानं काय काढावं? तीही मुकुटवाली! म्हटलं, झालं, मजाच गेली. मग कागद फाडले. आई, तिचा साबण गुलाबी, माझा पांढराफटक! तिच्या साबणावर मुकुट कोरलेला, आणि माझ्यावर नुसतं खरवडल्यासारखं काहीतरी.

बाबा : बघ, मी तुला म्हणत होतो ना, सुरीनं खरवडू नकोस, बारीक पॉलिश पेपर मार.

आई : अहो!

बाबा : दाढी पूर्ण करून येतो.

मी : बाबा, बसा! हे काय होतं आत्ता? नाही, थांबा, आधी माझं संपू दे, नाहीतर विसरेन. वास! चष्माचा साबण मी नाकाजवळ नेला आणि खुर्चीतून उठलेच. गुलाब! अख्खा बगिचा! मला लहानपणापासून काय सांगत आलात तुम्ही दोघं? ‘साबणाला वास आहे गं, तुझंच नाक जरा मंद आहे.’ आई, माझं नाक मंदबिंद काही नाही! एकदम फर्स्ट क्लास चालतं माझं नाक!

बाबा : ते मंद नाकाचं आईनं काढलं होतं. मी फक्त मान हलवायचो.

मी : तर दोघी म्हणाल्या, दुकानदार तुम्हाला खोटा माल विकतोय, आणि तुझ्या आईला कळतही नाही. त्यावर मी म्हटलं, माझ्या आईला डोळे मिटून कापडाचा पोत कळतो, साबण कळणार नाही? मग म्हणाल्या, विचारून दाखव. आणि आई, मला कळायलाच हवं. पुढच्या आठवड्यात शाळेचं शिबिर आहे. तू अजून हो म्हणाली नाहीयेस, पण मी जाणार असं धरूनच चाललेय. तिथं सगळ्या मुलींचे साबण एकाच कठड्यावर असणार. तिथं माझा एकटीचाच साबण खोटा निघाला तर पाच दिवस त्या मला नकली राणी म्हणतील.

आई : दुकानदारांकडे नाही ना गेलीस?

मी : गेले ना! येतानाच गेले! चांगली भांडले. म्हटलं, काका, लहानपणापासून तुमच्याकडून घेतो आम्ही, लाज नाही वाटत? चार गिऱ्हाइकं उभी होती.

आई : अरे देवा.

मी : पण ते रागावलेच नाहीत. कोपरापासून हात जोडले, हसले आणि म्हणाले, ‘बाईसाहेब, घरी जा आणि आईला विचारा.’

आई : त्या माणसाशी भांडलीस तू! आता मी कुठल्या तोंडानं जाऊ दुकानात? बरं, ते नंतर. मला एक सांग, फेस कसा बघितलात?

मी : हातावर. दुसरा कसा बघणार?

आई : कुणाच्या हातावर?

मी : माझ्या. चष्माला पाणी गार लागत होतं आणि लांबीला घड्याळ काढायचा कंटाळा. मी म्हटलं, मी आहे ना! उजव्या हातावर चष्माची मुकुटवाली, डाव्या हातावर लिंबू. कोपरापर्यंत. असला फेस आला म्हणून सांगू! ढग नुसते! आपल्या साबणाला एवढा फेस यायला...

आई : बाह्या वर कर.

मी : धुतले गं मी हात नंतर.

आई : बाह्या वर कर म्हणते ना! अहो, तो दिवा लावा.

(आई मुलीचे दोन्ही हात दिव्याखाली धरते.)

बाबा : काय दिसतंय?

आई : डावा बरा आहे. उजव्या कोपराच्या आत लाल झालंय. हे ठिपके बघा. खाजतंय का गं?

मी : थोडं. म्हणजे, मघापासून. मला वाटलं बाही रुततेय.

आई : बाही रुतत नाही. त्या बाहीला आतून मऊ जुनं कापड लावलंय मी. तुझ्या प्रत्येक गणवेशाला लावते. बाई गं, खाजवू नकोस! गार पाण्याची पट्टी आणते.

मी : बाबा, हिचा आवाज असा का झालाय? चार ठिपके तर आहेत.

बाबा : चार ठिपक्यांवरूनच सुरू व्हायचं, बाळा. तुला आठवणार नाही. इसब होतं तुला. कोपरं, गुडघ्यांच्या मागं, मानेवर. खाजवून खाजवून चादरीवर रक्ताचे डाग पडायचे. तुझे हात मोज्यात बांधून आम्ही दोघं आळीपाळीनं जागायचो. तू रडायचीस आणि मला काही सुचायचं नाही. गाडीचं इंजिन उघडता येतं, गास्केट बदलता येतं. पोरीची कातडी कशी बदलायची?

मी : इसबाचं मला माहीत होतं. म्हणजे, होतं आणि गेलं, एवढंच.

आई : गेलेलं नाही. आपण त्याला येऊ देत नाही. धर, ही पट्टी दाबून ठेव. डॉक्टरीणबाईंनी तेव्हा सांगितलं, बिनवासाचा, बिनरंगाचा साबण. औषधाच्या दुकानात मिळायचा. पांढरा, ठोकळ्यासारखा, फेसाचं नाव नाही. तू मुकाट्यानं लावून घ्यायचीस. मग एकदा मावशीकडची ताई आली आणि न्हाणीघरात बघून म्हणाली, ‘ई, हा तर आजारी माणसांचा साबण!’

बाबा : संपलं. दुसऱ्या दिवशी बादली लाथेनं उपडी. मला चावलीस तू. ही खूण बघ.

मी : ती खूण पान्याची आहे म्हणाला होतात!

बाबा : पाना कशाला चावतोय?

आई : तीन दिवस आंघोळ नाही. ‘मी आजारी नाही, मला मुकुटवालीच पाहिजे.’ तेवढं एकच वाक्य. अंग परत उलायला लागलं होतं. मला रडूच आलं. तेव्हा हे गॅरेजमधून आले, आमचं दोघींचं रडणं ऐकलं आणि म्हणाले, गाडी तीच ठेवू, फक्त रंग बदलू.

बाबा : डोकं माझं, कसब तिचं.

आई : मुकुटवाली विकत आणायची, चिकटवलेली कड वाफेवर धरायची, कागद अलगद सोडवायचा. ह्या साबणावरचं नाव खरवडायचं आणि तो कागदात घालून कड परत डकवायची. तुझ्यासमोर कागद उघडला. तू वास घेतलास, म्हणालीस, येत नाही. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, तुझं नाक मंद आहे.

मी : आणि मी ते इतकी वर्षं खरं मानलं! भूगोलाच्या तासाला कुणाचे मोजे वास मारायला लागले की मला वाटायचं, मंद नाकाला एवढा येतोय, तर बाकीच्यांचं काय होत असेल!

बाबा : बघ, फायदाच झाला. दया शिकलीस.

मी : मग खऱ्या मुकुटवालीचं काय करायचात? कागद काढलेल्या?

आई : विचार ह्यांना.

बाबा : गॅरेजात न्यायचो. दिवसभर ग्रीसमध्ये हात घातलेली सहा माणसं संध्याकाळी नळावर गुलाबाच्या साबणानं हात धुवायची. एक गिऱ्हाईक म्हणालं, गाडी दुरुस्त करून आणली की बायको संशय घेते.

मी : म्हणून तुम्हाला सगळे गुलाबशेठ म्हणतात?

बाबा : हो ना. सगळ्या गॅरेजला गुलाबाचा वास, आणि गुलाबशेठला मात्र नाही.

मी : का? तुम्ही नाही लावायचात?

आई : कसा लावतील? संध्याकाळी येऊन तुलाच उचलायचे ना. तुझं तोंड ह्यांच्या मानेत. टॉवेल, उशी, पांघरूण, सगळ्याचा संबंध तुझ्याशी. म्हणून घरात एकच साबण ठेवला. ह्यांचा आवडता कुठला होता माहितेय? लांबीनं आणला ना, तसाच. लिंबाचा. मला भेटायला यायचे तेव्हा एवढा थापून यायचे, की माझ्या मैत्रिणी विचारायच्या, लिंबं विकणारा आला का गं तुझा?

बाबा : आणि ही लाजायची नाही. म्हणायची, हो, रसाळ आहेत.

आई : पोरीसमोर काहीही बोलता!

मी : थांबा, माझ्या दप्तरात आहे तो. उद्या शाळेत दाखवायचा म्हणून लांबीनं माझ्याकडेच दिलाय. हा घ्या. बाबा, वास घ्या.

बाबा : ... हं.

मी : कसा आहे?

बाबा : आहे बुवा. तसाच आहे. घे, ठेव. शिंक येतेय मला. नाक गेलं माझं इतक्या वर्षांत. आता मंद नाक माझं.

मी : डोळेपण गेलेत वाटतं. पाणी येतंय.

बाबा : लिंबू आहे, चुरचुरणारच.

मी : आई, दुकानदारकाकांना कसं ठाऊक हे सगळं?

आई : एकदा औषधाच्या दुकानातला साबण घेऊन झाल्यावर मुकुटवालीला पैसे कमी पडले, तेव्हा त्यांना खरं ते सांगून टाकलं. त्यानंतर त्यांनी मला मुकुटवाली कधी विकली नाही. त्यांच्या घरी तोच साबण लागतो. काकू कागद न फाडता सोडवतात, इस्त्रीनं सपाट करतात आणि किराण्याच्या पिशवीत सगळ्यांत वर ठेवून देतात. आजतागायत. एक अवाक्षर बोलले नाहीत कुणाला.

मी : आणि मी त्यांची चारचौघांत लाज काढून आले.

आई : उद्या सकाळी आधी तिथं जायचं.

मी : उद्या कशाला? आत्ता जाते. काकूंनापण बाहेर बोलावते. त्याच चार गिऱ्हाइकांना शोधून आणता आलं असतं तर आणलं असतं. पण एक आहे, मी जिना चढताना भांडणाचं मोठं भाषण तयार केलं होतं. ‘तुम्ही मला फसवलंत’ वगैरे. फार छान जमलं होतं. आता ते मी कुठं टाकू?

आई : रागावली नाहीस?

मी : मलाही वाटलं होतं रागावेन. पण तू ती कड वाफेवर धरून सोडवतेस हे डोळ्यांसमोर आलं आणि राग कुठल्या कुठे गेला. आई, भाजली असतील ना गं बोटं तुझी?

आई : सवयीनं नाही भाजत.

मी : म्हणजे आधी भाजली. बरं, आता गुण. चष्माची मुकुटवाली : वास दहा, फेस नऊ, किंमत सात. लांबीचा लिंबू : वास आठ, फेस सात आणि स्वस्त म्हणून किमतीला नऊ. आपला : वास शून्य.

बाबा : खरंय.

मी : फेस दोन. तेही दयेचे. किंमत?

आई : किमतीत मार खाईल. तिन्हींत सगळ्यांत महाग तोच. औषधाच्या दुकानातला ना.

बाबा : शून्यच दे. निकाल म्हणजे निकाल.

मी : अजिबात नाही. बाईंनी सांगितलंय, किंमत म्हणजे नुसता दर नव्हे, दिलेल्या पैशांत काय मिळालं ते बघायचं. तुम्हाला काय मिळालं? मी मिळाले! अख्खी, गुळगुळीत, बडबडी. दहापैकी दहा. कुणी कमी करून दाखवावेत.

आई : हात हलवू नकोस, पट्टी सुटतेय. आणि हे बघ, लाडीगोडी लावू नकोस. शिबिराचं आता विसर. एका हातावर एकदा दुसरा साबण लागला तर हे असं. तिथं पाच दिवस कुणाचा टॉवेल, कुणाचा साबण. कुणी काही बोललं की तू भिडेला पडून त्यांचाच लावशील. मी नाही पाठवायची.

बाबा : तसं ती म्हणते त्यात...

मी : बाबा, तुम्ही मध्ये पडू नका, माझं मला बोलू द्या. आई, तुझी भीती बरोबर आहे. कालपर्यंत मी लावलाच असता त्यांचा. कारण माझ्याकडे काय आहे हेच मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. तर तुम्ही दोघं नीट ऐका, मी ठरवलंय. मी शिबिराला जाणार. माझा टॉवेल वेगळा, माझी चादर वेगळी, आणि खाजलं तर त्याच मिनिटाला बाईंना सांगणार. साबण माझा मी नेणार, आणि तू त्याचं नाव खरवडायचं नाहीस. त्याच्या स्वतःच्या कागदात नेणार. कठड्यावर सगळ्यांच्या साबणांच्या मधोमध ठेवणार. कुणी उचलून वास घेतला आणि विचारलं, हा कसला गं साबण, तर मी सांगणार, आमच्या घरी सगळे हाच वापरतात.