गूळ म्हना, इवाई

न्हाई न्हाई, इहीणबाई, पाट नको, बसते मी हितंच उंबऱ्यापाशी — आन पाणी बी नको, आधी बोलून घिऊ द्या, मग द्या वाटलं तर. एकटी न्हाई आले, भाऊ हाय संगं, सटवाजी, त्याला तिकडं पारावर बसवलाय, म्हन्लं बायकांच्या बोलण्यात तुझं काय काम. पूर्णेहून रेल्वेनं हिंगोली, हिंगोलीहून बैलगाडी — हाडं खिळखिळी झाली, पण ते जाऊ द्या, माझी हाडं दाखवायला न्हाई आले मी. ह्यांना न सांगता आलेय. कुन्या तोंडानं सांगू? आमच्या ताडकळसात गणपतीत जे झालं त्याची माफी मागायला इहिणीच्या दारात चाललेय म्हनून? इवाई तुमाला समदं बोललेच आसतील घरी आल्यावर. बोलले ना? — हां. मान हलिवली म्हंजी बोलले.

आता ह्यांची बाजू घ्यायची म्हनून न्हाई सांगत, पण आमचं मानूस वाईट न्हाई हो. शब्दाच्या भेंड्या म्हन्लं की अंगात येतं त्यांच्या. एकानं शब्द म्हनायचा, त्याच्या शेवटच्या अक्षरावरून दुसऱ्यानं म्हनायचा, अडला तो बाद — पोरखेळ हाय, पण हे वर्षभर त्याच्यातच, औत हाकता हाकता बैलाला शब्द सांगत्यात. दरसाल गणपतीत हेच जिंकणार, ठरलेलं. आन औंदा तर आपला मुलूख मुंबई राज्याला जोडल्यापासूनचा पहिला गणपती, मंडळानं थाट केला — परभणीचे मास्तर पंच म्हनून आणले, मंडपात कर्णा लावला, बक्षिसाला पितळी तांब्या. आन इवाई नेमके आमच्या कोकिळाच्या आन तुमच्या भुजंगरावाच्या लग्नाची तारीख धरायला आलेले. कुनी तरी म्हन्लं, पाव्हण्यांना बी बसवा खेळात. कुनी तरी काय, मीच म्हन्लं. एकेक गडी बाद हुईत गेला आन शेवटाला राहिले कोण, तर हे दोघं.

ळ वरून काई शब्द सुरू हुईत न्हाई, म्हनून ळ आला की ल घ्यायचा, असा पंचाचा कायदा. आन इवायांचा दर शब्द ळ वर — माळ, तीळ, केळ, बाभूळ. मुद्दाम म्हनायले का आपसूक, देवाला ठावं. हे बिचारे लगाम म्हन्ले, लिंबू म्हन्ले, लेक, लाकूड, लोटा — ल चं पेव रिकामं झालं, कपाळावर घाम. मग कसंबसं हे ‘लवंग’ म्हन्ले, आन इवाई म्हन्ले — तुमच्या बोलीत म्हन्ले हो, दुसरं कसं म्हन्नार, तुमच्याकडं डोळ्याला डोया, काळ्याला काया, तसं ते गुळाला — हां. इतका येळ तसंच चाललं होतं, तीळ म्हंजी तीय, केळ म्हंजी केय, मास्तरांना कळत होतं, समद्या मंडपाला कळत होतं. ह्यांना बी कळत होतं, तेच तर! कळत होतं, पण ल चा एक शब्द सुचंना गेला. तसे उठले, मास्तरांपुढचं ते कर्ण्यात बोलायचं यंत्र ओढून घेतलं आन म्हन्ले — गूळ म्हना, इवाई, गूळ! चारचौघांत गू काय म्हन्ताव?

हसलं हो मंडप. काय लपवू? पोरंसोरं तर लोळायली. मास्तर लय भला मानूस, म्हन्ला, मुंजाजीराव, बसा, पाहुणे गूळच म्हणालेत, तुम्ही ल वरून बोला. बसायचं ना मग? हरायचं, तांब्या द्यायचा, इवायाला घरी आणून जेवू घालायचं. पण न्हाई. लोक हसायले म्हनल्यावर ह्यांना आजून चेव आला, आन मग ते तुमच्यावरचं बोलले, तवा तर मला धरणी —

अशा कामून दचकल्या? तुमच्यावरचं. ते शेवटचं. — न्हाई सांगितलं इवायांनी? मग काय म्हन्ले, गुळापस्तोरच? … अरे देवा. काई न्हाई, जाऊ द्या, माझीच जीभ — न्हाई, असं बघू नका, इहीणबाई. सांगते. आता न सांगून कशी सुटका? हे म्हन्ले, ह्या इवायांची मालकीन बी पाव्हण्याच्या ताटात तेच वाढती आन वर म्हन्ती, आजून घ्या. झालं. इवाई उठले, घरला येऊन पटका बांधला, ताट वाढलेलं होतं त्याच्याकडं बघितलं बी न्हाई. आन त्यांनी तेवढं तुमच्यापस्तोर येऊ दिलं न्हाई! किती सांभाळत्यात तुमाला. आमच्या घरात असं कुनी कुनाला सांभाळत न्हाई, ऐकलं की तोंडातून भाईर. आन ह्यांचा तुमच्यावर काय राग हो? लग्नाच्या सुपारीला हितं आलो तवा हे वसरीवर गड्यांच्या पंगतीत, तुमी आत बायकांना वाढायल्या, ह्यांनी तर तुमचा आवाज सुदीक ऐकलेला न्हाई, मग ह्यांना कुठून —

… हां. तुमी न्हाई इचारलं, मीच बोलून बसले.

मी सांगितलं. सांगितलं कशाचं, करून दाखिवलं. सुपारीहून घरी गेल्यावर चुलीपुढं पदर असा घेतला तुमच्यावानी, मान अशी वाकडी केली, आन ‘घ्या ना, इहीणबाई, गूय घ्या’ — तुमी दोनदा तूप सोडलं होतं माझ्या ताटात, आग्रह करून करून वाढलं होतं, माझी आई गेल्यापासून तसं कुनी वाढलं न्हाई मला. आन मी त्याचीच नक्कल केली. हे पोट धरून हसले. मग रोजचं झालं, जेवायला बसले की, कर गं इहिणीची नक्कल. आन मी करायची. कामून करायची? आता इतकी वर्षं ह्यांचं करायले, सैपाक, रान, गुरं, ह्यांच्या आईचं दुखणं — कधी ह्या मानसाच्या तोंडून बरं केलंस असा शब्द न्हाई ऐकला. त्या नकलेला म्हन्ले, वा. एक वा ऐकायला मी तुमाला इकलं, इहीणबाई. मंडपात तर मी हसले बी. पदर तोंडात कोंबला, पण हसले. माझंच बोलणं कर्ण्यातून गावभर ऐकू आलं आन मला आधी हसू फुटलं, शरम मागून आली. कोन बाई असं करती?

कोकिळा कधी हसली न्हाई, ते मातर सांगते. नक्कल चालायची तवा पोरगी खाली मान घालून भाकरी थापायची. एक दिवस गोठ्यात गेले तर शेण काढता काढता एकटीच पुटपुटायलीय — डोया, काया, शाया, जवय. म्या म्हन्लं, हे काय येड्यावानी? तर म्हन्ती, आई, तिकडं गेल्यावर माझं बोलणं त्यांना परकं वाटू ने. म्या दिली मुस्काटात. सासरची बोली शिकायली म्हनून मारलं पोरीला! गणपतीपासून ती तोंडच उघडंना गेलीय, ना आमच्या बोलीत ना तुमच्या. तुमच्या भुजंगरावानं निरोपाला काई धाडलं की पळत दाराशी यायची, आता हाक मारली तरी उठत न्हाई. मोडायचं आसंल तर मोडा, तुमचा हक हाय, पण तिचा काय कसूर, तेवढं बोला. बोला ना! मघापासून मीच वटवट करायले आन तुमी नुसती मान हलिवता. शिव्या द्या, चांगल्या जोऱ्यात द्या. सुपारीला किती गोड बोलत होतात, हसत होतात, तोंडाला खळ नव्हता — आन आज माझ्यापुढं एक शब्द — एक शब्द बी —

इहीणबाई, तुमी मला भेऊन बोलंना गेलात का? मी घरी जाऊन पुन्हा — … अगं आई गं.

काय म्हन्लात? हळूच बोला, ऐकायले. — जेवती का? न्हाई हो, दोन घास बी न्हाई, भितीला टेकून बसती नुसती कोकिया — न्हाई! न्हाई, इहीणबाई, नक्कल न्हाई केली! लेकराची आन घेते! तुमी कोकिया म्हन्लात आन माझ्या बी तोंडात तेच आलं, आपसूक आलं, खरंच — कोन इश्वास ठेवीन माझा? माझ्यावर तर मीच न्हाई ठेवायची.

— आं? लगीन हुईन? खरं म्हन्ता? पोरगी तुमची, हां, तुमचीच, आजपासून तुमचीच, पाय धरते — बरं, न्हाई धरत. बोला. … आन मी? … पंचमीला बी न्हाई? लेकराच्या बारशाला? … बरं. सटवाजी करीन तिची नेआण. मी न्हाई यायची ह्या उंबऱ्याला. कोकिळानं इचारलं, आई कामून येत न्हाई, तर सांगा की, तिला रेल्वेत मळमळतं म्हनून — न्हाई? खरं ते सांगनार?

बरं. तुमचं घर, तुमची जबान. उठते मी. सटवाजी, चल रे, झालं बोलणं.