दांडीवरच्या कवड्या

पांढरकवड्याला नजीरमिस्त्रीच्या दुकानात कहकशां मोडका पाळणा जोडून घ्यायला बसली होती. तेवढ्यात बंजारा तांड्यावरचा सुनील आईला, रुपीबाईला घेऊन आपली गिटार न्यायला आला. गिटार हातात घेतली आणि तो भडकलाच.

“मिस्त्री, हे काय करून ठेवलं? दांडीत शिंपल्याचे ठिपके सपाट बसवा म्हणून सांगतलं होतं मी!”

“मेरेकू मत बोल बाबा. तुह्या मायनंच या कवड्या आणून देल्या. मी म्हणलं, खड्डा करून आत बसवतो. त्या म्हणे, नाही, वर दिसल्या पाह्यजे.”

सुनील आईकडं वळला. “याडी, तारच दबून नाही राह्यली! वाजवू कसं?”

“पण शोभते किती!”

“शोभते? अवं, गिटार हाये हे, बैल नाही!”

“मले समजते.”

“मंग काहून लावल्या?”

“दर पोळ्याले मीच बैलाच्या गळ्यात बांधत होती. औंदा कापसानं दगा देला आन् बैल बजारात गेला. आता या कवड्या बांधू कोणाले?”

सुनीलनं गिटार मिस्त्रीपुढं सरकवली.

“काढा त्या सगळ्या.”

मग आईकडं न बघताच तो म्हणाला, “गिटारच्या पट्ट्याले ओवून दे. पट्टा माह्याच गळ्यात राह्यते.”