न उतरलेली नोंद

नाही हो दादा, वेग वाढवून देणार नाही. जुनं मशीन आहे, रखडत चालतं, चालू दे. करता येतं, का नाही येत? डिस्कवर लगेच लिहायचं नाही, मेमरीत धरून ठेवायचं आणि मशीनने सवडीने उतरवायचं, एवढंच. एका दवाखान्यात दिलं होतं मी करून. तिथे नोंदी ठेवायला एक जण होता, सगळे त्याला बुवा म्हणायचे. खालमानेने काम करणारा — ‘साहेब, आता काय पळतंय,’ म्हणत चहा पाजला मला. एका संध्याकाळी त्याने एका बाईच्या नावापुढे लिहिलं, हिला अमुक इंजेक्शन चालत नाही. पडद्यावर आलं, नोंद झाली. त्याने प्रोग्राम बंद केला, मशीन बंद केलं, घरी गेला. नोंद कसली झाली? ती अजून मेमरीतच होती — मशीन बंद, नोंद गायब. सकाळी बाईला तेच इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांत खेळ खलास.

मग तिचे दोघे भाऊ आले. मी तिथेच, प्रिंटर उघडून बसलेलो. बुवा म्हणतोय, मी लिहिलंय, आईशपथ लिहिलंय — थोरल्याने कीबोर्ड उपटून त्याच्या तोंडावर हाणला, पडला तसा जबड्यावर लाथ. धाकट्याने त्याचा हात टेबलाच्या खणात धरून खण धाडकन लावला. दोनदा. नाही, तीनदा — बोटं मोडताना कसला आवाज होतो, ते ऐकू नये कुणी. एक दात माझ्या बुटापाशी येऊन थांबला. मी काय केलं? काही नाही, स्क्रूड्रायव्हर धरून उभा. मला तेव्हाच कळलं होतं, घोळ कुठे झाला. प्रोग्राम बंद होताना मेमरीतलं आधी डिस्कवर उतरव, असा हुकूम द्यावा लागतो — एक ओळ. मी टाकलीच नव्हती.

म्हणजे टाकली, टाकली ना, त्याच दुपारी. बुवाला स्ट्रेचरवर नेलं, झाडूवाल्या मावशी फरशीवरचं रक्त पुसत होत्या, तेव्हा बसून टाकली. पुढे चौकशीवाले आले, त्यांना ओळ दाखवली. म्हटलं, यांनी लिहिलं असतं तर गेलंच नसतं. बुवा समोरच होता, जबडा तारेने बांधलेला — बोलणार काय? नुसता बघत होता माझ्याकडे. नोकरी गेली त्याची. तारीख? फाइलची तारीख काय, मशीनचं घड्याळ मागे केलं की —

असं बघताय काय? उचला ते मशीन. दुकान बंद करायचंय मला.