‘कन्सॉलिडेशन’ म्हणजे काय, असं मालननं विचारलं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील अधीक्षक साहेब, प्रमुख पाहुणे, आणि इतकी वर्षं मला सांभाळून घेणाऱ्या माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो,

आपण माझ्याविषयी फार चांगलं बोललात. आता निवृत्त होणाऱ्यानं काय बोलावं? ज्या शब्दावर माझी नोकरी झाली, त्याविषयीच बोलतो.

बहात्तर साली मी नाशिकला एकत्रीकरण खात्यात रुजू झालो. दारावरच्या पाटीवर इंग्रजीत ‘कन्सॉलिडेशन’ लिहिलं होतं. माझी पत्नी मालन हिनं त्याचा अर्थ विचारला. मला तरी कुठं ठाऊक होता? वाचनालयात जाऊन शब्दकोश पाहिला. मूळ शब्द लॅटिन. ‘कॉन’ म्हणजे सोबत, ‘सॉलिडस’ म्हणजे घट्ट, भरीव. शेतकऱ्याच्या जमिनीचे विखुरलेले तुकडे एका जागी आणायचे, ते आपलं काम. पुढं वर्तमानपत्रात सत्ता बळकट करण्यालाही हाच शब्द दिसला. मालनला मात्र आमचाच अर्थ आवडला. चांगलं काम आहे, म्हणाली.

अठ्ठ्याहत्तरच्या थंडीत तिला ताप आला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले, “उजव्या फुफ्फुसात कन्सॉलिडेशन आहे.” खरं सांगतो, ओळखीचा शब्द ऐकून मला क्षणभर धीरच आला. मग त्यांनी समजावलं. फुफ्फुसात हवा खेळायला हवी, तिथं ते न्यूमोनियानं भरून घट्ट झालंय.

मालननं ऐकलं होतं. धाप लागत असतानाही हसली. “अहो, तुमचं खातं माझ्यात कुठं आलं?”

त्या आठवड्यातच ती गेली. आम्हाला मूलबाळ नव्हतं.

पुढं सायखेड्याला मोजणीवर होतो. तिथल्या भागुबाईंचे तीन तुकडे जुळून एक गट झाला होता. विधवा बाई. मी विचारलं, आता सोयीचं झालं ना? म्हणाल्या, “सोय लय झाली, सायेब. पण तीन वावरं व्हती तवा जाता-येता बाया भेटायच्या. आता सारा दिस एकाच बांधावर. बोलाया कुणी नाय.”

त्यांनी भाकरी पुढं केली, आम्ही बांधावर बसून जेवलो. तेव्हा मी त्यांना सांगितलं, की घरी मीही एकटाच असतो. ऑफिसात हे कधी कुणाजवळ बोललो नव्हतो. आज बोलतोय.

या शालीबद्दल, या प्रेमाबद्दल आपला ऋणी आहे. आनंदाच्या प्रसंगी घरचं दुःख काढलं, हे रीतीला सोडून झालं असेल तर पोटात घाला. पंचवटीतल्या माझ्या खोलीचं दार सकाळी उघडंच असतं. चहा मला बरा जमतो. काम नसलं, तरी या.